बाळ घरी आल्यावर कोण हवं: न्हाऊ घालणाऱ्या मावशी, ब्युरोची नर्स की आजी आणि आशाताई?

नॉर्मल बाळंतपण झालं की साधारण ४८ तासांनी आम्ही आई-बाळाला घरी सोडतो. आणि बाळाची कावीळ वाढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवसात. वजन घटतं तेही याच दिवसांत, आईला दूध नीट उतरतं तेही याच दिवसांत. म्हणजे बाळाकडे सगळ्यात बारीक लक्ष द्यायचा काळ वॉर्डात नाही, तुमच्या घरात जातो. डिस्चार्जचा कागद घेताना लोक विचारतात, "सिस्टर, घरी कुणाला ठेवू?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून इथे लिहिते.

पहिली पसंती बहुतेक घरांत न्हाऊ घालणाऱ्या मावशींना असते आणि ती उगीच नसते. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ पालथं घेणाऱ्या मावशींचा हात बघण्यासारखा असतो. ज्या बाळाला उचलायला बाप घाबरतो, ते तिथे निवांत पडून राहतं. बाळंतिणीची कंबर चोळली जाते, तिच्याशी कुणीतरी चार धीराचे शब्द बोलतं. आम्हाला वॉर्डात तेवढी सवड मिळत नाही, हे मी मनापासून कबूल करते.

पण मावशी ठेवणार असाल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. नाळ पडेपर्यंत बाळाला कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. नाळेला तेल, हळद, राख, पावडर काही लावायचं नाही. कोरडी ठेवली की साधारण आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप गळते. कानात-नाकात तेल नाही, धुरी नाही, काजळ नाही. बाळाची छाती सुजलेली दिसली तर पिळायची नाही. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा असो की मुलगी, तशी सूज येते आणि आपली आपण उतरते. पिळली तर आत पू होतो. मालिशला माझी ना नाही. नाळ पडल्यावर, खोबरेल तेलाने, हलक्या हाताने करा, आणि अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुतल्यावरच. मोहरीचं तेल नको. बाळगुटी नको, मधाचं बोट तर वर्षभर नको. हे सांगायला सुना कचरतात. सासूबाईंनी सांगितलं तर मावशींना चटकन पटतं, हा माझा अनुभव आहे.

मावशींची मोठी अडचण वेगळीच आहे. त्या तासभर येतात आणि पुढच्या घरी जातात. रात्री तीन वाजता बाळ दूध ओढेनासं झालं, तर त्या तिथे नसतात.

ब्युरोकडून येणारी 'नर्स' चोवीस तास असते, पण ती खरंच नर्स आहे का हे आधी बघा. एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या बाईंकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असते. ते प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. ते नसेल तर त्या आया आहेत. आया चांगल्याही असतात, पण पगार नर्सचा देऊ नका. बाळ जुळं असेल, वजन कमी असेल, काचपेटीतून नुकतं बाहेर आलं असेल किंवा सिझेरियननंतर घरात दुसरं कुणीच नसेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. एक मात्र पक्कं ठरवा: आईला झोप मिळावी म्हणून रात्री बाटली द्यायची नाही. बाळ उचलून आईजवळ आणायचं, पाजून झालं की परत घ्यायचं. रात्रीचं पाजणं सुटलं की आईचं दूधच कमी होतं.

आजी आणि आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या गावातल्या-वस्तीतल्या आरोग्यसेविका, ही जोडी लोकांना साधी वाटते. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ मध्ये ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात त्या याच कामाच्या पायावर. वजन करतात, ताप बघतात, धोक्याची लक्षणं तपासतात, आणि एक पैसा पडत नाही. शहरातल्या सोसायटीत आशाताई येत नसतील तर डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञांची वेळ आजच घेऊन ठेवा.

बाळ पूर्ण दिवसांचं, अडीच किलोच्या वरचं असेल तर मी आजी आणि आशाताईच निवडेन, आणि नाळ पडल्यावर मावशींना बोलवेन. त्याहून लहान बाळाला नोंदणीकृत नर्स, आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ जास्तीत जास्त वेळ.

जी कुणी राहील तिला दोन गोष्टी करून दाखवा. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच आईच्या छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर तसंच छातीशी धरून दवाखाना गाठा. दुसरं, खिडकीच्या उजेडात कपाळ अंगठ्याने दाबून सोडा आणि पिवळेपणा बघा, मग छातीवर, मग तळव्यांवर. ट्यूबलाइटखाली तो कळत नाही. तळहात-तळपाय पिवळे दिसले, किंवा बाळ मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास घेत असेल, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, १०८ रुग्णवाहिकेला फोन करा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाचा उपचार मोफत असतो.

आणि कामावर ठेवण्याआधी एक प्रश्न विचारा: "बाळ चार तास झाले तरी दुधाला उठलं नाही, तर काय कराल?" कुणी म्हणेल, "गुणी बाळ आहे, झोपू द्या." कुणी म्हणेल, "दुपटं सोडीन, तळवे चोळीन, आईजवळ लावीन, तरी ओढलं नाही तर तुम्हाला उठवून दवाखान्यात चला म्हणेन." या दुसऱ्या बाईंना ठेवा.