सिनॉलॉजी डीएस२२३: लिनक्स मिंटवर सामायिक फाइलींसाठी

लहान प्रकाशन कार्यालयात चार-पाच जणांना त्याच फाइलींवर काम करायचे असेल, तर सिनॉलॉजीचे डीएस२२३ हे दोन डिस्कचे नॅस (नेटवर्कवरून सर्वांना फाइली पुरवणारे साठवणयंत्र) पुरेसे आहे, असे माझे मत झाले आहे. डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात. त्यात २ जीबी रॅम आणि एकच गिगाबिट नेटवर्क पोर्ट असल्यामुळे कॉपी होण्याचा वेग सेकंदाला साधारण ११० एमबीच्या पलीकडे जात नाही. पानांच्या मांडणीला तो पुरतो.

सोय-गैरसोय ठरते ती जोडणीवर. लिनक्स मिंट या संगणकप्रणालीच्या फाइल मॅनेजरमधून सामायिक फोल्डर चटकन उघडते, परंतु ती जोडणी त्या लॉगिनपुरतीच राहते आणि काही सॉफ्टवेअरना तिथली फाइल थेट उघडता येत नाही. म्हणून रोजच्या वापरासाठी सीआयएफएस-युटिल्स (नेटवर्कवरचे फोल्डर जोडणारे पॅकेज) इन्स्टॉल करून एफएसटॅबमध्ये, म्हणजे जोडायच्या डिस्क-फोल्डरांची यादी असलेल्या फाइलीत, कायमची नोंद करावी. त्या नोंदीत ‘युआयडी’ (वापरकर्त्याचा क्रमांक) दिला नाही, तर सर्व फाइली रूटच्या (प्रशासक खात्याच्या) मालकीच्या दिसतात आणि साध्या वापरकर्त्याला त्या सेव्ह करता येत नाहीत. ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय दिला, तर फोल्डर प्रथम उघडतानाच जोडणी होते आणि नॅस बंद असले तरी संगणक सुरू होताना रखडत नाही. एफएसटॅब सर्वांना वाचता येते, त्यामुळे पासवर्ड केवळ रूटला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलीत ठेवावा. एवढे केले, की लिब्रेऑफिसची फाइल दोघांनी उघडल्यास दुसऱ्याला ती वापरात असल्याची सूचना मिळते, आणि एकमेकांच्या दुरुस्त्या पुसल्या जाण्याचे टळते.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांनी एक मर्यादा आधीच जाणून घ्यावी. एनक्रिप्टेड (सांकेतिक रूपात साठवलेल्या) सामायिक फोल्डरमध्ये नावाला १४३ बाइटच मिळतात, आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा व हलन्तासह, तीन बाइट घेते. ‘मुखपृष्ठ’ या एका शब्दालाच २४ बाइट लागतात. अंकाचे नाव, लेखाचे शीर्षक आणि ‘अंतिम दुरुस्ती’ असे सगळे एका नावात कोंबण्याची आपली सवय तिथे चालत नाही. साध्या फोल्डरमध्ये ही मर्यादा २५५ बाइट आहे, आणि ती बहुधा पुरते.

रेड १ मुळे, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच माहिती ठेवण्याच्या पद्धतीमुळे, एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, पण कोणी चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून जाते. त्यासाठी बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली निवडून स्नॅपशॉट (फोल्डरच्या त्या-त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी) सुरू करावेत आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअप या सॉफ्टवेअरने रोज रात्री प्रत घ्यावी.