कॅनन ४-एसबी की निकॉन एस-२?

जपानी रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवून अंतर साधणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) इतिहासाची गोडी लागली की मन आधी अगदी सुरुवातीच्या नमुन्यांकडे धावते. तोक्योच्या रोप्पोंगी भागातील प्रयोगशाळेत योशिदा गोरो यांनी ज्यावर मेहनत घेतली, त्या ‘क्वानॉन’ या कॅमेऱ्याची जाहिरात १९३४ मध्ये आली, पण तो बाजारात कधी आलाच नाही. त्यामागून १९३६ चा हान्सा कॅनन आला आणि त्याची लेन्स होती निप्पॉन कोगाकू या कंपनीची निक्कोर. त्याच निप्पॉन कोगाकूचा ‘निकॉन १’ १९४८ मध्ये निघाला, तोही फिल्मवर २४ × ३२ मिमीची चौकट उमटवणारा. पूर्ण २४ × ३६ मिमीपर्यंत हे घराणे १९५४ च्या एस-२ मध्ये पोहोचले. हे आरंभीचे कॅमेरे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहेत, त्यामुळे ज्याला रोल भरून फोटो काढायचे आहेत त्याने कॅनन ४-एसबी आणि निकॉन एस-२ या दोन वंशजांतून निवड करावी.

लेन्सच्या बाबतीत कॅनन सरस आहे, हे मान्य करायलाच हवे. ३९ मिमी आट्यांच्या लेन्स मुबलक मिळतात, आणि फाइंडरजवळची (दृश्य पाहण्याच्या खिडकीजवळची) छोटी दांडी फिरवून त्यात दिसणारी प्रतिमा तीन टप्प्यांत मोठी करण्याची सोय मला आजही मोहात पाडते.

माझे मत फिरले ते रोल भरण्यावरून. जुन्या जर्मन लायका कॅमेऱ्यांप्रमाणे ४-एसबीमध्येही फिल्म तळातून सरकवावी लागते, आणि त्यासाठी तिचे टोक सुमारे १० सेंटीमीटर लांब, निमुळते कापून घ्यावे लागते. एकदा पावसात झाडाखाली उभे राहून, घाईने कापलेले टोक मी आत सरकवले. कडेचे भोक दातांत नीट बसले नाही आणि ३६ फोटोंचा तो रोल धुतल्यावर कोरा निघाला. चूक माझ्या कात्रीची होती, पण ती होऊ शकते हीच माझी अडचण आहे. एस-२ ची पाठ पूर्ण निघते, फिल्म कुठे बसली ते डोळ्यांना दिसते.

एस-२ मध्येही खोट नाही असे नाही. उजव्या हाताचे बोट नकळत रेंजफाइंडरच्या खिडकीवर येते, आणि सुटी झालेली पाठ कुठे ठेवावी हा प्रश्न उरतोच. तरी त्याचा फाइंडर जग आहे त्याच आकारात दाखवतो, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते, आणि माझ्या हाताला तरी तो अधिक सोपा वाटला.

जुना एस-२ विकत घेताना लेन्स व पाठ काढून शटरचे कापडी पडदे उजेडासमोर धरावेत. सुईच्या टोकाएवढे छिद्रही लगेच चमकते. ४-एसबीमध्ये ही तपासणी इतक्या सहज होत नाही.