मूल जे खातं, नेमकं तेच रिपोर्टमध्ये लाल

आमच्या मुलाला ऑटिझम आहे. त्याचं खाणं बोटांवर मोजण्याइतकं: दूध, ब्रेड, केळं आणि एका ठरावीक पाकिटातली बिस्किटं. पाकिटाचा रंग बदलला तरी बिस्किटाला हात लावत नाही. हे नखरे नव्हेत. पदार्थाचा वास, चिकटपणा, चावतानाचा आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतो. अशा घरातले आईबाप किती टेकीला आलेले असतात, हे त्या 'न्यूट्रिशन कोच' बाईंना पक्कं ठाऊक होतं.

कोणते पदार्थ मुलाला बाधतात ते रक्तावरून कळेल, असं सांगून त्यांनी घरी किट पाठवलं. बोटातून रक्ताचे थेंब घ्यायचे आणि कुरिअर करायचं. डॉक्टरांनी मुलाला बघण्याचा प्रश्नच नाही. रिपोर्ट मात्र देखणा आला: दूध, गहू, केळं लालभडक, म्हणजे बाधणारे, आणि ज्यांना त्याने कधी जीभही लावली नव्हती ते बहुतेक सगळे पदार्थ हिरवेगार. आम्हाला हे जुळल्यासारखंच वाटलं. खरी मेख तिथेच आहे. ही चाचणी रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं (शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने बनवलेली प्रथिनं) मोजते, आणि जे आपण नेहमी खातो त्याविरुद्ध ती निरोगी माणसातही असतात. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच अशा चाचणीवरून निदान करू नका, असं सांगितलंय. म्हणजे आम्ही पैसे मोजून आमच्याच मुलाच्या ताटाची यादी विकत घेतली होती.

पुढचं सगळं ठरल्यासारखं. लाल पदार्थ बंद, त्यांच्याकडच्याच पावडरी सुरू. तो उपाशी राहून रडायचा, रात्र रात्र जागायचा, तर बाई म्हणायच्या, "व्यसन सुटतंय हो, विष बाहेर पडतंय. आता थांबलात तर सगळं पाण्यात!" या एका वाक्याला उत्तर नाही, कारण मूल बिघडलं तरी तो उपचाराचाच पुरावा ठरतो. बाईंच्या पालकांच्या ग्रुपवर एका आईने वजन घटल्याचं लिहिलं, तर तिला ग्रुपमधूनच काढलं.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी वजन-उंचीचा तक्ता काढला, लोह आणि ड जीवनसत्त्व तपासलं. दोन्ही कमी. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: इतकं मोजकं खाणाऱ्या मुलांना आजही स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, होतो. पाय दुखतात म्हणून मूल चालत नाही आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर लगेच दाखवा.

पैसे परत मागितले, तर फॉर्मवरची बारीक ओळ पुढे आली: परिणामांची हमी नाही. 'सहा महिन्यांत बोलायला लागेल' हे फोनवर होतं, कागदावर नाही. असं काही कोणी म्हणालं तर मेसेजवर लिहून मागा.

गव्हामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार आहे का, हे सीलिअ‍ॅकच्या तपासणीत कळतं. पण ती गहू खाण्यात असतानाच करावी लागते, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आमची तपासणी अजून अडूनच आहे. दूध तो पुन्हा प्यायला लागला, ब्रेड मात्र तोंडाजवळही येऊ देत नाही.