चार टीबीच्या डिस्कमध्ये निघालं मेमरी कार्ड: मेल सर्व्हरच्या 'डबल बॅकअप'मधली फसवणूक

कारखाना लहान, पण मेल सर्व्हर स्वतःचा: मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारं डोव्हकॉट आणि साधारण 400 जीबी जुना पत्रव्यवहार. देखभालीचं वार्षिक कंत्राट घेणाऱ्याने 'डबल बॅकअप' विकला. ऑफिसात 4 टीबीची खिशात मावणारी एसएसडी आणि वर ऑनलाइन प्रत. रोज सकाळी 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेल यायचा. सर्व्हरची डिस्क गेली तेव्हा दोन्ही प्रती पोकळ निघाल्या.

एसएसडीवर दर आठवड्याच्या टार फाइल्स (अनेक फाइल्सचे एकत्र गठ्ठे) दिसत होत्या. नाव, तारीख, आकार सगळं बरोबर. उघडायला गेलं की एरर. डबी उघडली तर आत एका छोट्या बोर्डावर मेमरी कार्ड. अशा मालाचं फर्मवेअर, म्हणजे आतला नियंत्रण प्रोग्राम, बदललेलं असतं. ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं आणि खरी जागा संपली की पुढचा डेटा टाकून देतं किंवा आधीच्याच डेटावर लिहितं. एक्सफॅट या डिस्कवरच्या फाइल-मांडणीत फाइल्सची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात राहते, म्हणून ती शाबूत दिसते. फसवणूक लपते ती इथेच.

नवी डिस्क आली की आधी ती पूर्ण भरून परत वाचायची. त्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्राम. दोन्ही फुकट आहेत. सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने 4 टीबी लिहायला अकरा तास आणि वाचायला तेवढेच, म्हणजे शनिवारी लावून ठेवावं. लिहून झाल्यावर केबल काढून पुन्हा जोडा, नाहीतर थोडा भाग रॅममधूनच वाचला जातो आणि खोटा दिलासा मिळतो.

ऑनलाइन भागाची लबाडी अधिक वाईट, कारण बिलावर '30 दिवसांच्या आवृत्त्या' असं स्पष्ट छापलं होतं. प्रत्यक्षात एका स्वस्त स्टोरेजवर रात्री आरसिंक हे फाइल्स जुळवणारं साधन चालायचं, डिलीटचा पर्याय लावून, म्हणजे इथे जे नाही ते तिथूनही पुसायचं. डिस्क गेली, मेलचा फोल्डर रिकामा दिसू लागला, आणि रात्रीच्या जॉबने ऑनलाइन प्रतही तशीच रिकामी केली. हा बॅकअप नव्हेच, हा आरसा. बॅकअपला मागच्या तारखांच्या आवृत्त्या लागतात. रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन ते देतं, आणि स्टोरेजवर ऑब्जेक्ट लॉक (पुसण्यावरचं कुलूप) लावला तर ठरलेल्या मुदतीपर्यंत सर्व्हरमध्ये घुसलेल्यालाही जुना डेटा पुसता येत नाही. खातं आणि बिल कंपनीच्या नावावर हवं, कंत्राटदाराच्या नव्हे. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर, सर्व्हरपासून दूर ठेवा. तो हरवला तर डेटा कुणालाच उघडता येणार नाही.

रेस्टिकची साधी चेक कमांड फक्त रचना तपासते, सगळा डेटा वाचत नाही. दर आठवड्याला रीड-डेटा-सबसेट हा पर्याय लावून दहा टक्के वाचून घ्या. आणि कॉन्फिग, युजरची यादी, डीकेआयएमची (जाणाऱ्या मेलवरच्या डिजिटल सहीची) खाजगी किल्ली हेही बॅकअपमध्ये आहे ना, ते बघा. नुसते मेल परत आणून सर्व्हर उभा राहत नाही.

पैसे देण्याआधी कंत्राटदाराला समोर बसवून एक मेलबॉक्स वेगळ्या मशीनवर परत आणायला सांगा, एकदा डिस्कवरून आणि एकदा ऑनलाइन प्रतीतून. मेलची संख्या जुळवा, दोन वर्षांपूर्वीचं अटॅचमेंट उघडा, मग तीन आठवड्यांपूर्वीची आवृत्ती मागा. 'सर्व्हर बंद करावा लागेल' असं म्हणून तो टाळायला लागला तर पैशांचा चेक थांबवा. वेगळ्या मशीनवरच्या चाचणीसाठी चालू सर्व्हर बंद करावा लागत नाही.