ट्रान्सफॉर्मेशन किट: उन्हाळ्यात मागवावं का?

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये ट्रान्सफॉर्मेशनसाठी, म्हणजे जिवाणूत बाहेरचा डीएनए घालण्यासाठी, कॅल्शियम क्लोराइडवालं हे किट खुशाल घ्या. आत डीएच५ अल्फा ई. कोलायचा स्टॅब (अगारमध्ये टोचून ठेवलेलं कल्चर), ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड, पीयूसी१९ प्लाझ्मिड (आत घालायचा डीएनएचा छोटा गोल), अँपिसिलिन हे अँटिबायोटिक आणि प्लाझ्मिड घेतलेल्या कॉलनी निळ्या करणारं एक्स-गॅल येतं. निळ्या रंगाचं जनुक चालू करणारं आयपीटीजी नाही, पण डीएच५ अल्फात त्यावाचून अडत नाही. तयार कॉम्पिटंट सेल्सच्या (डीएनए घ्यायला आधीच सज्ज केलेल्या पेशींच्या) भानगडीत नागपुरात, तेही मे महिन्यात, पडू नये. त्यांना उणे ८० लागतं. ४५ अंशांत कुरिअरचा खोका गोदामात दुपारभर पडला आणि ड्राय आइस उडून गेला, की पैसे पाण्यात. स्टॅबचे एवढे लाड नसतात.

माहितीपत्रक मात्र तोकडं आहे. ‘कल्चर वाढवा’ म्हणतं, कुठवर ते सांगत नाही. रात्रभराचं कल्चर थेट वापरलं तर कॉलनी बोटांवर मोजाव्या लागतील. ताज्या माध्यमात १:१०० घाला आणि ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.३ ते ०.४ झाली की नळी बर्फात. बर्फाचे खडे नकोत, चुरा करून त्यात थोडं पाणी घाला. नळी सगळीकडून गार होते. कॅल्शियम क्लोराइडमध्ये सेल्स हलक्या हातानेच मिसळा, व्हॉर्टेक्स नाही.

१०० मायक्रोलिटर सेल्स, १ नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, ३० मिनिटं बर्फात, मग ४२ अंशांवर ९० सेकंद. वॉटर बाथच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. परत बर्फात २ मिनिटं, ९०० मायक्रोलिटर एलबी (वाढीचं माध्यम), ३७ अंशांवर तासभर. यातलं १०० मायक्रोलिटर पसरून १५० कॉलनी आल्या, तर कार्यक्षमता प्लाझ्मिडच्या मायक्रोग्रॅममागे १५ लाख कॉलनी. वर्गासाठी भरपूर झालं.

प्लेटा ओतताना आणि पसरताना कूलर बंद! उकडेल, पण खसच्या ताट्यांतून येणारी ओली हवा बुरशी थेट अगारवर आणून सोडते. अँपिसिलिन ५० अंशांच्या आसपास, म्हणजे फ्लास्क हातात धरवेल तेव्हाच घाला. आधी घातलं तर ते निकामी होऊन प्लाझ्मिड नसलेल्या प्लेटवरही गालिचा उगवतो. ही कंट्रोल प्लेट किटच्या यादीत नाही, तरी लावाच.

प्लेटा १६ ते १८ तासांनी काढा. रविवार मध्ये आला म्हणून दोन दिवस ठेवल्या, तर निळ्या कॉलनीभोवती बारीक पांढरी पिल्लं दिसतील. निळीतून बाहेर पडलेल्या बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमनं आजूबाजूचं अँपिसिलिन संपवलेलं असतं. ती मोजू नका.