शिसे तपासायच्या कांड्या: गरोदर बाईच्या घरात किती कामाच्या?

ऑनलाइन दुकानांत ‘लेड टेस्ट किट’ नावाने कापसाच्या बोंडाच्या कांड्या मिळतात. बेळगावचा काय, खानापूर-निपाणीचा पत्ता टाकला तरी घरपोच येतात. घरात कुणाला दिवस गेले की प्रश्न एकच असतो: हळद, काजळ, भांडी, सगळे या कांडीने तपासून होईल का? होणार नाही. कल्हई, डाखाचा सांधा आणि दारा-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट एवढ्यापुरती कांडी चांगली चालते. गरोदर बाईच्या पोटात जे जाते, त्यातले बहुतेक शिसे कांडीला दिसतच नाही. म्हणून पाचपैकी दोन गुण, आणि तेही मुख्यतः कल्हईसाठी.

आधी वापरायची रीत, कारण चुका इथेच होतात. कांडीत दोन काचेच्या कुप्या असतात. एकीत ऱ्होडिझोनेट हे रसायन, दुसरीत आम्ल द्रावण. खुणेच्या जागी दोन्ही कुप्या चिमटीत दाबून फोडायच्या, कांडी दोन-चारदा हलवायची, बोंड पिवळे आणि ओले होईपर्यंत दाबायचे आणि जागेवर 30 सेकंद घासायचे. शिसे असेल तर रंग गुलाबी ते लाल. हे मिश्रण मिनिट-दीड मिनिटात निकामी होते, म्हणून जागा आधी ठरवून, पुसून, कोरडी करून मगच कुप्या फोडाव्यात. रंग आला नाही तर काम संपले असे समजू नका. डबीतल्या कार्डावर शिसे लावलेला ठिपका असतो, त्यावर तेच बोंड टेकवायचे. तिथे लाल झाले तरच कांडी चालू होती आणि ‘शिसे सापडले नाही’ हा निकाल धरता येतो. ज्या डबीत हे कार्ड नाही ती घेऊच नये. दुसऱ्या प्रकारच्या किटमध्ये सल्फाइडचे थेंब असतात, ते शिशावर काळे पडतात. पण तांब्यावर, पितळेवर, चांदीवरही काळेच पडतात. आपल्या स्वयंपाकघरात त्या थेंबांचा काही उपयोग नाही.

आता कल्हई. पितळेच्या पातेल्याला कल्हई करताना भांडे कोळशावर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, धूर उठला की कथील लावून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतात. शुद्ध कथील 232 अंशांना वितळते. कथील महाग आणि शिसे स्वस्त, आणि दोन्ही मिसळली की मिश्रण त्याहून कमी उष्णतेत वितळून पातेल्यात सहज पसरते. भेसळीचा मोह इथे आहे. चिंचेची आमटी, कोकमाचे सार, ताक-कढी अशा आंबट पदार्थांत ते शिसे उतरते. कल्हई करून घेताना कथलाची कांडी हातात मागून घ्यावी. कानाशी धरून वाकवली तर शुद्ध कथील करकर वाजते. पांढऱ्या कागदावर ओढली आणि पेन्सिलीसारखी काळसर रेघ उठली तर शिसे भरपूर आहे. रेघ उठली नाही म्हणून शिसे अजिबात नाही असे मात्र ठरत नाही. तिथे ही तपासणीची कांडी खरी उपयोगी पडते: भांडे थंड होऊ द्या, राख आणि नवसागर धुऊन काढा, तळाशी एक आणि कडेला एक अशा दोन जागी घासा. स्पष्ट लाल आले तर त्या भांड्यात शिजवू नका, जुनी कल्हई पूर्ण उतरवून शुद्ध कथलाची करून घ्या. नुसती फिकट जांभळट छटा आली तर तो निकाल धरू नये, नव्या कांडीने पुन्हा बघावे. तपासलेली जागा साबणाने दोनदा धुतल्याशिवाय भांडे चुलीवर चढवायचे नाही.

पितळेच्या ओतीव नळावरही बोंड गुलाबी होऊ शकते, कारण ओतीव पितळेत दोन-तीन टक्के शिसे मुद्दाम घातलेले असते, लेथवरचे कातकाम सोपे जावे म्हणून. नळ उखडायची गरज नाही. पाणी राकसकोप धरणाचे असो की हिडकलचे, रात्रभर नळात साचलेले पहिले पाणी झाडांना किंवा धुण्याला वापरा, प्यायला आणि स्वयंपाकाला त्यानंतरचे भरा.

कांडी कमी का पडते, ते आकड्यांत बघा. अशा कांड्यांना मान्यता मिळाली ती अमेरिकेत, जुन्या घरांचा रंग तपासण्यासाठी. तिथली शिसेयुक्त रंगाची व्याख्या 0.5 टक्के, म्हणजे दशलक्ष भागांत 5000 भाग, अशी आहे. आपल्याकडे घरगुती रंगात 1 नोव्हेंबर 2017 पासून कमाल मर्यादा दशलक्षात 90 भाग आहे. हळदीत एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा दशलक्षात 10 भाग. पाच हजार ओळखायला बनवलेल्या वस्तूकडून दहाची अपेक्षा धरणे म्हणजे ऊस तोलायच्या काट्यावर सोने ठेवण्यासारखे आहे.

हळदीचे आणखी एक आहे. हळकुंड झळाळते दिसावे म्हणून चोळतात तो पिवळा रंग अनेकदा लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच असतो. तो पाण्यात आणि सौम्य आम्लात सहज विरघळत नाही, त्यामुळे मर्यादेच्या कितीतरी पट शिसे असूनही बोंड पिवळेच राहू शकते. उलटही घडते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे प्रत्येक घरात माहीत आहे. साबणाचा अंश राहिलेल्या पाट्यावर किंवा मिक्सरच्या झाकणावर तो लालपणा दिसला की उगाच घाबरगुंडी उडते. हळदीसाठी कांडी वापरूच नका. हळकुंडे घ्या, काचेच्या पेल्यात साध्या पाण्यात टाका. वरून चोळलेली रंगाची पूड सुटून पाणी लगेच गर्द पिवळे झाले तर परत करा. रंग सुटला नाही तर धुऊन, वाळवून दळून आणा. हा परिसर हळद पिकवणारा आहे, सांगलीची पेठ जवळ आहे, इथे सुट्या पुडीची हळद घ्यायची वेळच येऊ नये. लखलखीत पिवळेपणा हा हळदीचा गुण नव्हे.

शेंदराला तपासणीची गरजच नाही. मारुतीला तेलात कालवून लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच लाल ऑक्साइड. त्याचा मूळ रंगच लाल, कांडी काय सांगणार? देवाला दुसऱ्या कुणी लावावा, गरोदर बाईने हाताळू नये, भांगात भरू नये. हळद आणि चुन्याच्या कुंकवात हा दोष नाही. सुरमा हा कित्येकदा शिशाचे सल्फाइड म्हणजे गॅलेना हा दगडच कुटून केलेला असतो. हे सल्फाइड इतके कमी विरघळते की कांडी त्याच्यापुढे अनेकदा गप्प बसते. बाळाच्या डोळ्यांत घालायचे काजळही बाहेरचे नको. नाव-पत्ता नसलेल्या डबीवर भरवसा ठेवायचा नाही.

भस्मांबद्दल स्पष्ट बोलावे लागेल, कारण दिवस राहावेत म्हणून, मुलगा व्हावा म्हणून, अशक्तपणा जावा म्हणून पुड्या दिल्या जातात. आयुर्वेदात ‘नाग’ म्हणजे शिसे. नागभस्म नावातच शिसे सांगते. रससिंदूर आणि हिंगूळ ही पाऱ्याची. न्यूयॉर्क शहरात 2011-12 मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे जास्त आढळले, त्या भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. घटकांची नावे लिहिलेली नसतील ती पुडी गरोदरपणात घेऊ नये, आणि घेतलेली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. पुडी सोबत घेऊन जावी.

जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांचा मुद्दा नाजूक आहे, कारण प्रत्येक घरात ती आहेत. मोडीतले इंजिनाचे भाग, तारा, डबे वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसे मिसळलेले असू शकते. 2025 साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) भारतात बनलेल्या काही हिंडालियम (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) भांड्यांतून शिसे उतरते म्हणून इशारा दिला. हे शिसे धातूत विखुरलेले असते, कांडीला बहुधा पकडता येत नाही, पण तासभर आंबट उकळले की अन्नात येते. प्रयोगशाळेत भांड्यात आम्ल ठेवून किती शिसे उतरते ते मोजतात, घरी त्याला पर्याय नाही. म्हणून नऊ महिने आमटी, सार आणि टोमॅटोचे पदार्थ स्टीलमध्ये करावेत. शिक्का नसलेली ओतीव, खडबडीत भांडी बाजूला ठेवावीत.

आणि कॅडमियम, पारा? ही कांडी ते तपासतच नाही. इकडे हे मुद्दाम सांगायला हवे, कारण निपाणी-चिकोडीकडच्या घरांत मिश्री अजून आहे. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेते. मिश्री लावणाऱ्या आईच्या वारेत ते साठते आणि बाळाकडे जाणाऱ्या जस्ताची वाट अडवते, बाळाचे वजन कमी भरायला हेही एक कारण. पारा येतो तो मोठ्या शिकारी माशांतून आणि नाव-गाव नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममधून. माशातला पारा वार ओलांडून जातो आणि नाळेच्या रक्तात आईपेक्षा जास्त भरतो. कारवार-मालवणहून येणारे बांगडा, तारली खुशाल खा. मोरी, कुपा आणि मोठी सुरमई या महिन्यांत नको.

शिशाची चिंता सर्वांत जास्त का, तर शरीर त्याला कॅल्शियम समजते. आतड्यातून कॅल्शियमच्या वाटेने आत घेते, हाडांत वर्षानुवर्षे साठवते, आणि गरोदरपणात बाळाची हाडे घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा जुने शिसेही सुटते. माहेरच्या घरात लहानपणी अंगात गेलेले शिसे पंचवीस वर्षांनी बाळापर्यंत पोचते ते असे. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते वारेतून पलीकडे जाते, आणि नाळेच्या रक्तातले प्रमाण आईच्या प्रमाणाच्या जवळपास असते. मेंदूच्या पेशी तेव्हा जागेवर जात असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात. त्या जोडण्यांना कॅल्शियमच इशारे देते, आणि शिसे तिथेही कॅल्शियमच्या जागी बसते. मेक्सिको सिटीतल्या अभ्यासात पहिल्या तिमाहीतल्या आईच्या शिशाचा संबंध दोन वर्षांच्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या कमी गुणांशी दिसला. म्हणून तपासणीसाठी डोहाळजेवणाची वाट बघत बसू नये.

डबीचे पैसे वाचवून रक्ताची तपासणी करावी, हे आमचे म्हणणे. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी तपासणी कार्डावर) हिमोग्लोबिन लिहितात, शिसे लिहीत नाहीत, ते आपण मागून घ्यायचे. लॅबमध्ये ‘ब्लड लेड’ म्हणा आणि तीन गोष्टी विचारा. नमुना शिरेतून घेणार का? बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगतो. नळी सूक्ष्म धातूंच्या तपासणीची, गडद निळ्या झाकणाची आहे का? तपासणी कोणत्या यंत्रावर होते? आयसीपी-एमएस (धातूचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारे यंत्र) असेल तर उत्तम. नमुना बाहेरगावी पाठवत असतील तरी हरकत नाही. कर्नाटकात शिशाच्या विषयाचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात आहे. शंका असल्यास डॉक्टरांना तिथे विचारता येते.

अहवाल आला की आधी एकक वाचा. काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर देतात, काही प्रति लिटर. प्रति लिटर 40 म्हणजे प्रति डेसिलिटर 4. या दहापटीच्या गोंधळात विनाकारण रडारड होते, किंवा त्याहून वाईट, खरा धोका निसटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार प्रति डेसिलिटर 5 किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवायचे. 5 च्या खाली म्हणजे सुरक्षित असा अर्थ नाही, सुरक्षित पातळी कुणालाच सापडलेली नाही. 5 ते 14 आले तर महिन्याभरात पुन्हा तपासा. 45 किंवा त्याच्या वर गेले तर औषधाने शिसे बाहेर काढायचा विचार तज्ज्ञ करतात. त्याखाली तसली औषधे गरोदरपणात स्वतःहून मागू नका.

शिसे कुठून येते ते शोधताना घरच्या पुरुषाचे कामही विचारात घ्या. बॅटरीचे दुकान, भंगार, उद्यमबागेतली फौंड्री, रंगकाम: कामाचे कपडे बाहेर काढून वेगळे धुवायचे. गणपतीआधी दारांचा जुना रंग खरवडणे यंदा नको, खरवडायचाच असेल तर ओला करून, आणि गरोदर बाई घरात नसताना. भाजकी माती, शाडू किंवा पाटीवरची पेन्सिल खायचे डोहाळे असतील तर रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असले की असे डोहाळे लागतात, आणि लोह कमी असले की आतडे शिसेही जास्त ओढते. सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी रोज, आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा जेवणाबरोबर. दोन्ही एकदम घेऊ नका, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही.

बाळंतपणाआधी आईचा आकडा 5 किंवा जास्त असेल तर नाळेच्या रक्ताचा नमुना घ्यायला आधीच सांगून ठेवा. वार पडल्यावर ती संधी जाते. आईचा आकडा 40 च्या खाली असेल तर अंगावर पाजायला अडचण नाही.