एकोणसाठ हजारांचे अपग्रेड आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

पुण्यातल्या एका वाद्यवृंदात मी गेली बारा वर्षे, नोकरी सांभाळून, बेस गिटार वाजवतो. चार तारांच्या बेसवर आजवर सगळे निभावले होते. परंतु अलीकडच्या पुष्कळ गाण्यांतला खर्ज ‘ई’ (E) या सर्वांत जाड तारेच्याही खाली उतरतो आणि दरवेळी तार ढिली करून तो गाठणे रंगमंचावर जमत नाही, म्हणून पाच तारांचा बेस माझ्या हाताच्या मापाने बनवून घ्यायचे ठरवले. दुसऱ्या राज्यातल्या एका कारागिराची कामे छायाचित्रांत पाहिली होती, फोनवरचे त्याचे बोलणे जाणकाराचे वाटले आणि भावही परदेशी वाद्याच्या मानाने पुष्कळच कमी होता. मूळ वाद्याचे 90,000 रुपये ठरले. त्यावर त्याने अपग्रेडची यादी पाठवली आणि मी त्या यादीत अडकलो.

18 व्होल्टवर चालणारा प्रीअँप (वाद्याच्या आतच आवाजाचा संकेत वाढवणारे सर्किट) 16,000, तारा ताणायच्या, वजनाला हलक्या जपानी खुंट्या 11,000, भरीव पितळी ब्रिज (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो भाग) 9,000, आबनुसाचा फ्रेटबोर्ड (बोटे जिथे दाबतात ती लाकडी फळी) 8,000, नेकच्या, म्हणजे वाद्याच्या मानेच्या, आत कार्बन फायबरच्या दोन पट्ट्या 8,000 आणि स्टेनलेस स्टीलचे फ्रेट (फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) 7,000, असे मिळून 59,000 रुपये झाले. यांतली एकही गोष्ट मुळात निरर्थक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 1951 साली फेंडरने प्रिसिजन बेस आणला तेव्हापासून तारेची 34 इंच लांबी रूढ झाली आहे, आणि त्याच लांबीवर सुमारे 31 हर्ट्झची पाचवी तार बसवायची तर नेक ताठ असणे फार गरजेचे असते. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड हलते ते वेगळेच. हलक्या खुंट्यांनी वाद्याचे डोके खाली झुकत नाही. स्टीलचे फ्रेट नेहमीच्या निकेल सिल्व्हर या मिश्रधातूपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. यादी खोटी नव्हती. माझ्या वाद्यात तिच्यातले काय उतरले, हा प्रश्न होता.

निम्मे पैसे आगाऊ दिले आणि उरलेले, त्याच्या आग्रहावरून, पार्सल निघण्यापूर्वी दिले. बेस आला तेव्हा मी हरखून गेलो. देखणा होता, हाताला छान बसत होता, आणि सहा कार्यक्रम मी तो समाधानाने वाजवला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही: त्या सहा कार्यक्रमांत माझ्या कानाला काहीही खटकले नाही. एकच गोष्ट विचित्र होती. बेसला केबल जोडली की जॅकमधूनच बॅटरीचा प्रवाह सुरू होतो, आणि मी ती सरावानंतर काढायला अनेकदा विसरत असे. तरीही बॅटऱ्या संपतच नव्हत्या. मला त्याचे कौतुक वाटत होते.

जुलैमध्ये आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणात खरखर सुरू झाली म्हणून मागचे झाकण स्वतःच उघडले. आत नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. 18 व्होल्ट हवे असतील तर एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडावे लागते; येथे मात्र दोन्ही लाल वायरी एकत्र पिळलेल्या होत्या आणि दोन्ही काळ्या एकत्र. मल्टिमीटर लावला तर प्रीअँपच्या सर्किटच्या पट्टीवर 9.2 व्होल्ट आले. बॅटऱ्या दुप्पट टिकत होत्या त्या एवढ्यासाठीच.

कारागिराला फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला की मुलाच्या हातून चुकून जोडणी तशी झाली असेल, दोन वायरी बदलून घ्या. मी बदलणारही होतो. सुदैवाने त्याआधी बेस घेऊन शहरातल्या एका जुन्या दुरुस्तीकारांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पट्टी पाहिली आणि वायरींना हात न लावता भिंग माझ्याकडे दिले. पट्टीवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते, आणि मधल्या दोन्ही कपॅसिटरवर 16 व्होल्ट असे, म्हणजे ते सोसू शकतील तो कमाल दाब, छापलेले होते. “अहो, ही पट्टी अठरासाठी नाहीच. तुम्ही वायरी बदलल्या असत्या तर कपॅसिटर गेले असते,” ते म्हणाले. म्हणजे ज्याने बॅटऱ्या तशा जोडल्या, त्याला आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते. प्रीअँपला नऊ व्होल्ट पुरतात, बहुतेकांचे त्यावर उत्तम चालते. जोरात ठोकून वाजवताना आवाज फाटू नये यासाठी विजेचा जास्तीचा दाब, म्हणजे जास्त व्होल्ट, उपयोगी पडतो, आणि मी पैसे त्याचेच मोजले होते.

त्यानंतर प्रत्येक भागावर संशय येऊ लागला. ब्रिज काढला, सॅडलमधले (तारा ज्यांवर टेकतात त्या तुकड्यांमधले) स्टीलचे स्क्रू वेगळे केले आणि पाचही सॅडल स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले: 86 ग्रॅम. मग मुलीच्या शाळेच्या प्रयोगासाठी आणलेल्या मोजपात्रात पाणी घेऊन ते एकेक करून आत सोडले. पाणी 13 मिलिलिटरने चढले. पितळाची घनता साडेआठच्या आसपास असते. माझा भागाकार 6.6 आला, म्हणजे स्वस्त भाग ज्याचे ओततात ते जस्ताचे मिश्रण, वर सोनेरी मुलामा. दहा मिनिटांचे काम होते आणि ते वाद्य आले त्याच दिवशी करता आले असते.

फ्रेटबोर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो काळा झाला. दुरुस्तीकारांनी येथे मला थांबवले, कारण खऱ्या आबनुसालाही रंग एकसारखा दिसावा म्हणून कधीकधी काळा हात देतात. त्यांनी नेकच्या टोकाशी, तारांखाली दिसणार नाही अशा जागी, पात्याने किंचित खरवडले. खाली तपकिरी, मोठ्या छिद्रांचे लाकूड निघाले, तेव्हा शंका उरली नाही. ‘जी’ (G) या तारेखाली पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर आठ महिन्यांत खाचा पडल्याच होत्या. तिथे कानस फिरवल्यावर धातू लोण्यासारखा कापला गेला आणि आतून पिवळसर झाक दिसली. स्टीलचे फ्रेट असते तर कानशीचेच दात बोथट झाले असते.

कार्बनच्या पट्ट्यांचे काय, ते मला आजही सिद्ध करता येत नाही. फ्रेटबोर्ड चिकटला की त्या कायमच्या झाकल्या जातात. चिकटवण्यापूर्वीचे छायाचित्र मागितले तेव्हा एक आलेही. त्यात दोन काळ्या पट्ट्या अगदी स्पष्ट दिसत होत्या, फक्त त्या नेकच्या डोक्याला खुंट्यांची चार भोके होती. माझ्या बेसला पाच आहेत. हे कळवल्यावर बाकीची छायाचित्रे फोनमधून पुसली गेल्याचे उत्तर आले.

खुंट्या मात्र अस्सल निघाल्या. आधी मला याचे नवल वाटले, नंतर त्यातली मेख लक्षात आली: जे छायाचित्रात ओळखता येते, ज्यावर कंपनीचे नाव कोरलेले असते, ते त्याने खरे बसवले, जिथे स्क्रूड्रायव्हर, पाते किंवा मीटर लागतो, तिथे हात मारला. म्हणून अपग्रेड निवडताना आवाजाबरोबरच, ही गोष्ट मला नंतर तपासता येईल का, हेही आता मी विचारतो. प्रीअँप, पिकअप (तारांचे कंपन टिपणारा भाग), ब्रिज आणि खुंट्या या गोष्टी वाद्य हाती आल्यावर स्वतः विकत घेऊन कोणाकडूनही बसवता येतात. त्यांची खोबणी योग्य मापाची करून घेतली म्हणजे पुरे. कारागिराला जास्तीचे पैसे द्यायचेच तर ते नेकचे लाकूड, पट्ट्या आणि फ्रेटचे काम यांसाठी द्यावेत, कारण ते मागाहून बदलणे अवघड आणि महाग असते, आणि त्यांची छायाचित्रे काम चालू असतानाच, आपल्या वाद्याची खूण दिसेल अशी मागून घ्यावीत. सोनेरी मुलाम्यावर मी पुन्हा खर्च करणार नाही. घामाने तो माझ्या तळहाताखाली आताच उडाला आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता परराज्यात असला तरी आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. माझी अडचण वेगळी होती: पावतीवर केवळ ‘बेस गिटार, एक नग’ एवढेच लिहिलेले होते. भाववार यादी व्हॉट्सअ‍ॅपवर शिल्लक होती म्हणून नोटीस पाठवता आली. तिच्यानंतर 18,000 रुपये परत आले आणि माझा क्रमांक ब्लॉक झाला. उरलेल्या रकमेसाठी तक्रारीचे कागद तयार करतो आहे.

दरम्यान एका मित्राला असाच बेस करून घ्यायचा आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन कारागिरांना एकच अट कळवली: प्रत्येक अपग्रेड पावतीवर नावानिशी आणि किमतीनिशी लिहायचे, आणि शेवटचे 40 टक्के पैसे समोर झाकण उघडून पाहिल्यावर द्यायचे. एकाने असले गिऱ्हाईक नको म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने, मल्टिमीटर तुमचा आणणार की माझा वापरायचा, एवढेच विचारले.